शेतकरी राजाची तक्रार

मी काय काम करते हे घरी समजावून सांगायला मला दोन वर्षं लागली. अजूनही वडील पाहुण्यांना "पोरगी फोनवर दुकानं चालवते" एवढंच सांगतात, आणि ते फारसं चुकीचं नाही. त्या वेळी आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या पाच दुकानांची फोनवरची बाजू माझ्याकडे होती. मालाचे फोटो काढायचे, छोटे व्हिडिओ करायचे, आसपासच्या गावांतल्या लोकांना जाहिरात दिसेल अशी सोय करायची. कोणी फोनवर "स्प्रिंकलर मालेगाव" असं शोधलं, तर नकाशावर आपलं दुकान पहिल्या तिघांत यावं यासाठी धडपडायचं.

आमचं गाव जऊळक्याच्या पलीकडे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. वाशीमच्या कॉलेजात आमच्या सरांनी मला तासांनंतर संगणकाच्या खोलीत बसू दिलं, म्हणून हे काम शिकले. शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहायचा आणि सर त्याला सांगायचे, "बसू दे रे तिला, बस साडेपाचची आहे तिची." त्या अर्ध्या-अर्ध्या तासांवर माझं पोट चालतं. हे मी विसरत नाही.

दुसरे उपकार काकाजींचे. वाशीम रस्त्यावर त्यांचं पाइप, मोटारी आणि स्प्रिंकलरचं दुकान आहे. जैन व्यापाऱ्याचं जुनं दुकान, माझे आजोबाही तिथूनच मोटारीचं सामान घ्यायचे. मी बी.कॉम. झाले तेव्हा वडिलांबरोबर पेढे द्यायला गेले होते.

"आता काय करून राह्यली?" काकाजींनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हंजे लोकायले हाका मारून बोलवायचं, पन तोंडानं नाई."

"तसंच समजा, काकाजी."

"आनं तो मानूस तुह्या हाकेनं आला का आपल्या पायानं आला, हे कसं समजते?"

हा प्रश्न त्यांनी नंतर दर महिन्याला विचारला. एकदा रिठद गावचा एक जण वाशीमची सगळी दुकानं सोडून मालेगावात आला आणि म्हणाला, फोनवर पाहिलं. मी खूश झाले. काकाजी मात्र तो गेल्यावर म्हणाले, "त्याची सासुरवाड इथली हाय. मी ओळखतो." तरीही त्यांनी मला काम दिलं, आणि स्वतः चार दुकानदारांना फोन करून "आपली पोरगी हाय, भरोशाची हाय" असं सांगितलं. माझी पाचही दुकानं त्या एका वाक्यावर उभी होती.

रस्त्याच्या पलीकडे अगदी समोर तसंच दुसरं दुकान होतं. ते आप्पांचं. आप्पा मूळचे शेतकरी, पंधराएक वर्षांपूर्वी धंद्यात आले. दोघं एकमेकांची गिऱ्हाइकं ओढायचे, पण एक रीत दोघांनी पाळली होती. आपल्याकडे एखादा नोझल किंवा जोड नसला, तर गिऱ्हाइकाला रिकामं पाठवायचं नाही. कागदाच्या कपट्यावर दोन शब्द खरडायचे आणि त्याला समोर धाडायचं. समोरचा चिठ्ठी पाहून वस्तू देणार. "गिऱ्हाईक वाशीमले गेलं का दोघायचंही गेलं," असं काकाजी म्हणायचे.

त्या वर्षी मी रिव्ह्यूंच्या मागे लागले होते. नकाशावर वर यायचं तर पाच-पाच स्टार हवेत, आणि काकाजींच्या नावावर होते फक्त तीन रिव्ह्यू, त्यातला एक माझाच. वाशीमच्या काही दुकानांचे शेकडो होते. ते कसे येतात हे मला माहीत होतं. मला एका माणसाचा फोन यायचा, "मॅडम, पन्नास पाहिजे का शंभर?" मी त्याला प्रत्येक वेळी नाही म्हटलं. काकाजींना अभिमानाने सांगितलंही, की आपण एकही विकतचा घ्यायचा नाही. आपण फक्त खरे घ्यायचे.

सोयाबीन विकून झालं होतं, हरभऱ्यासाठी लोक स्प्रिंकलर न्यायला येत होते. बाजाराच्या दिवशी मी सकाळीच दुकानात स्टूल टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला विनंती करू लागले.

"लिहितो ना ताई. पन काय लिहू?" पहिल्या काकांनी विचारलं.

"तुमाले जे वाटते ते लिहा."

"मले तं काहीच वाटत नाई. तू सांग, मी लिहितो."

दुसरे त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. "चुकलं तं? नाव येईन ना माह्यं. याच्यानं काय लिहिलं ते दाखव, तेच टाकतो."

तिसऱ्याने तर फोन माझ्या हातात दिला. "तूच लिही बाप्पा. कोर्टाचा कागद असल्यावानी भेव वाटते."

मी नाही म्हटलं. ज्याचं त्यानेच लिहायचं, हा माझा नियम होता. मग मला एक सोपी युक्ती सुचली. पाइपच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं: "दुकान विश्वासू आहे. माल चांगला मिळतो. वागणूक चांगली आहे." आणि पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवला. सगळे खूश झाले. आम्ही सगळे असेच शिकलो होतो. गुरुजी फळ्यावर लिहिणार, आम्ही खाली मान घालून उतरवून घेणार. स्वतःच्या मनाने लिहिलं तर मार्क जायचे. दुकानात नेटवर्क नीट येत नव्हतं, म्हणून मी माझ्या फोनवरून सगळ्यांना हॉटस्पॉट दिला. एका म्हाताऱ्या बाबांनी पाच स्टार दाबले आणि विचारलं, "अजून दाबू का?"

सूर्य मावळायच्या आत काकाजी जेवायला निघाले, तोवर एकेचाळीस झाले होते. एकेचाळीसही माणसं खरी होती. कोणी दहा वर्षं, कोणी वीस वर्षं तिथून माल नेणारी. बसमध्ये मी ते पुन्हा पुन्हा वाचले. एकसारखे होते हे दिसत होतं, पण त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही.

आठवडा उलटला. काकाजींना मी रोज सकाळी अगरबत्ती लावल्यावर फोनवर आपलं दुकान शोधायला शिकवलं होतं. त्या दिवशी मी दुकानात पोचले तेव्हा ते फोन लांब धरून उभे होते.

"माह्यं दुकान कुठं गेलं?"

मी पाहिलं. एकेचाळीस रिव्ह्यू गेले होते. नुसते रिव्ह्यूच नाही, नकाशावरून दुकानच गेलं होतं. "स्प्रिंकलर मालेगाव" टाकलं की सगळ्यांत वर आप्पांचं दुकान येत होतं.

"समोरचंच दिसून राह्यलं. आपलं काहून नाई?"

"पाहते, काकाजी. कोनीतरी तक्रार केली अशीन."

"कोनीतरी म्हंजे कोन?"

 माझी नजर रस्त्याच्या पलीकडे गेली, आणि काकाजींनी ती जाताना पाहिली. तेवढं पुरलं.

आमच्या कामात असं चालतं हे मी ऐकलं होतं. प्रतिस्पर्धी खोट्या तक्रारी करून दुसऱ्याचं दुकान नकाशावरून उडवतात. माझ्याकडे पुरावा काही नव्हता. पण एकदा शंका आल्यावर पुरावे आपोआप मिळत गेले. महिन्यापूर्वी आप्पांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं होतं, "ते स्टार कसे भेटतात, बेटा?" तेव्हा मला तो साधा प्रश्न वाटला होता. आता वाटलं, ते माहिती काढत होते. त्यांचा पुतण्या पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो, तोही आठवला. ते दुकानाबाहेर येऊन फोनवर बोलू लागले की काकाजी आणि मी दोघंही गप्प होऊन तिकडे पाहायचो.

तिसऱ्या दिवशी आप्पांची चिठ्ठी घेऊन एक शेतकरी आला. पाऊण इंची नोझल हवे होते. काकाजींनी चिठ्ठी न वाचताच परत दिली. "नाई म्हना आपल्याजवळ." नोझलचा खोका त्यांच्या मागच्या फळीवर होता. शेतकऱ्यालाही तो दिसत होता. तो चिठ्ठी घेऊन गेला.

मी थांबायला हवं होतं. त्या संध्याकाळी घरी मी आईचा फोन घेतला. तो ज्या दुकानातून घेतला होता तिथल्या माणसाने खातं उघडताना नावाच्या जागी "शेतकरी राजा" असं टाकून दिलं होतं, आम्ही ते कधी बदललं नव्हतं. आई भाकरी थापत होती. मी तिच्या शेजारी बसून आप्पांच्या दुकानाला एक स्टार दिला आणि लिहिलं: "पाइप फुटका दिला. बदलून मागितला तर उलट बोलले. जऊळक्याहून येणाऱ्यांनी इथे घेऊ नये." गाव घातलं ते खरं वाटावं म्हणून. हे कोणाकडे पाहून उतरवलेलं नव्हतं, माझं स्वतःचं होतं. लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं. आपण काकाजींचे उपकार थोडे फेडले, असंही वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं हे खरं आहे.

नकाशावाल्या कंपनीकडे मी दुकान परत मिळावं म्हणून अर्ज केला होता. त्याचं उत्तर दोन दिवसांनी बसस्टँडवर वाचलं. एकाच जागेवरून, एकाच दिवशी, एकाच मजकुराचे अनेक रिव्ह्यू आल्यामुळे ते बनावट वाटतात, म्हणून ते काढले आहेत आणि दुकानाची तपासणी चालू आहे, असं त्यात होतं. तक्रारीचा कुठे उल्लेख नव्हता. कोणी तक्रार केलीच नव्हती. माझा पुठ्ठा आणि माझा हॉटस्पॉट, एवढंच घडलं होतं.

मी लगेच आप्पांच्या दुकानाचं पान उघडलं. शेतकरी राजाची तक्रार जागेवर होती. तिच्याखाली "दोन जणांना हे उपयोगी वाटलं" असं आलं होतं.

तेव्हाच ती पुसली असती तर? ती पुसली, तर कोणीतरी विचारेल का पुसली, अशी वेडी भीती वाटली. आणि त्याहून मोठी भीती काकाजींची. त्यांचा शब्द माझ्यामुळे खोटा पडणार होता, आणि तो पडला की पाचही दुकानं जाणार होती. काकाजींनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "तपासणी चालू हाय." ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते सोपं होतं.

पुढच्या सोमवारी आप्पांनीच मला हाक मारली. मला वाटलं, कळलं. त्यांनी मला बाकावर बसवलं आणि खिशातून वहीचा कागद काढला. त्यावर त्यांनी ती तक्रार पेनने जशीच्या तशी उतरवून घेतली होती.

"तुले यातलं समजते म्हनून इचारतो, बेटा. हा शेतकरी राजा कोन हाय, ते तुह्या फोनात दिसते का?"

"नाई दिसत, आप्पा."

"जऊळक्याचा हाय म्हनते. बिलबुकं पाह्यली. यंदा तिकडच्या अकरा जनायले पाइप देल्ला. दोनदा गाडीवर जाऊन आलो. नऊ भेटले. सगळे म्हनते आमचा पाइप चांगला हाय. एक म्हने, फुटका नाई, पन बदलून देत असान तं द्या." ते थोडं हसले. "देल्ला. तोच अशीन तं?"

मी पिशवी मांडीवर घेतली.

"पाइप फुटू शकते. ते नशिबाचं हाय. पन उलटं बोलले म्हनते. मी कोनाले उलटं बोललो, हेच आठवून राह्यलो. घरी इचारलं तं बायको म्हने, तुमी सगळ्यायलेच उलटे बोलता, तो एकटाच लिहिता निंगाला." मग कागदाची घडी घालत, आवाज उतरवून म्हणाले, "समोरचे चिठ्ठ्या परत करून राह्यले. त्यायनं बी हे वाचलं अशीन. त्यायले बी खरं वाटलं अशीन. नाई तं इतक्या वर्सात असं कदी केलं नाई त्यायनं."

मी उठले आणि बस सुटेल असं म्हणून निघाले. बसला अजून तास होता.

दोन दिवसांनी आप्पांकडे बारा वर्षं पाइप मोजून देणारा माणूस मला चहाच्या टपरीवर बसलेला दिसला. अकरा वाजले होते, दुकानाची वेळ होती. मी विचारलं, आज सुट्टी का? तो म्हणाला, "मालकाले वाटते मीच कोनाले बोललो. म्हने दोन-चार दिस घरी राह्य, डोकं थंड कर. माह्यं डोकं थंडच होतं, ताई." त्याने चहाचा कप उलटा करून ठेवला. "आता मलेच आठवत नाई. बोललो बी अशीन एखांद्याले."

न केलेली गोष्ट तो केली म्हणून आठवायला लागला होता. मी चहा तसाच ठेवला आणि रस्ता ओलांडून आप्पांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले आणि सांगितलं. पुठ्ठ्यापासून आईच्या फोनपर्यंत सगळं.

आप्पांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "म्हंजे पाइप फुटका नोयता."

"नव्हता, आप्पा."

"आनं जऊळक्याचा मानूस?"

"कोनीच नाई. मीच."

 आप्पांनी दारात जाऊन टपरीच्या दिशेने हाक मारली, "ये रे, हे बंडल मोजाचं राह्यलं." तो माणूस आला आणि मोजायला लागला. त्याला त्यांनी दुसरं काही म्हटलं नाही, त्यानेही विचारलं नाही.

"समोरच्यानं सांगतलं का तुले हे कराले?"

"नाई. काकाजीले माहीतच नाई."

"मंग जा, सांग त्यायले. मी सांगतलं तं त्यायले वाटीन, हा बनवून सांगून राह्यला."

आईचा फोन मी सोमवारपासून पिशवीतच घेऊन फिरत होते, पुसायचा धीर होत नव्हता. त्यांच्यासमोर ती तक्रार पुसली आणि पान दाखवलं. त्यांनी पाहिलं. "हे झालं. पन ज्यायनं वाचलं त्यायनं वाचलं. त्यायच्या डोक्यातून कसं काढशीन?"  जाहिरात पोचवायची कशी हे मी शिकले होते. पोचलेलं परत आणायचं कसं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

काकाजींनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला हाताने थांबवलं.

"ते एकेचाळीस खरे होते ना?"

"खरे होते, काकाजी."

"ते गेले. आनं खोटं लिहिलं ते आजपर्यंत राह्यलं."

"हो."

ते बोटांनी काउंटरवर ताल धरल्यासारखं करत राहिले. "चिठ्ठी मी परत केली ते काही तुह्यामुळं नाई. तू नुसतं तिकडं पाह्यलं. बाकीचं माह्याच मनात होतं." मग म्हणाले, "तुह्यं काम ठेवतो का नाई, ते आज सांगत नाई. पैले त्या चार दुकानदारायकडे जाऊन हेच सांग. माह्या तोंडून त्यायनं ऐकलं तं ते बरं नाई."

मी त्याच दिवशी चारही दुकानांत गेले. दोघांनी काम बंद केलं. तिसऱ्याने विचार करतो म्हटलं, तो अजून विचार करतो आहे. चौथा म्हणाला, तू काय करते हे मला आधीही समजलं नव्हतं, आताही समजलं नाही, चालू दे. घरी वडिलांना सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी ताट बाजूला केलं नाही, पण त्या रात्री आणि पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी कामाबद्दल बोलले नाहीत.

काकाजींचं दुकान महिन्याभराने नकाशावर परत आलं, आधीचे तीनही रिव्ह्यू गमावून, शून्यावर. त्याच सुमारास त्यांनी मला "ये उद्यापासून" एवढंच म्हटलं. ते आणि आप्पा पुन्हा कधी बोलायला लागले हे मला सांगता येत नाही, कारण ते माझ्यासमोर झालं नाही. मी सगळं सांगितलं त्या दिवशी काकाजी रस्ता ओलांडून गेले नव्हते, दुसऱ्या दिवशीही नाही.

मी आता कोणाकडे रिव्ह्यू मागत नाही. दुसऱ्या कुठल्या दुकानाचे पाच स्टार पाहिले की वाटतं, कोणी पुठ्ठा धरला असेल. एक स्टार पाहिला की वाटतं, कोणाच्या आईचा फोन असेल. हॉटेल असो, दवाखाना असो, मला आता त्यातलं काहीच सरळ वाचता येत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर वडिलांनी आप्पांकडून पाइप घेतला. चांगला निघाला. पुढच्या खेपेला मी आप्पांच्या दुकानात गेले आणि बाकावर बसून, धीर करून विचारलं, "आप्पा, तुमच्या दुकानाबद्दल लिहू का? माह्या सोताच्या नावानं. खरंखुरं."

ते एका गिऱ्हाइकाला पाइपची जाडी दाखवत होते. पाइप तसाच हातात धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"नोको लिहू, बेटा. तुह्यावालं चांगलं बी मले आता खोटंच वाटीन."

आणि ते पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळले. त्याला बसायचं होतं. मी फोन पिशवीत टाकला आणि बाकावर सरकून त्याला जागा दिली.